कराटे क्लासचा रिव्ह्यू, लीडरशिपचं पॅकेज घ्यायच्या आधी वाचा

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. सर मला दर दोन दिवसांनी भाजीच्या गाडीवर भेटतात आणि खाली मी कौतुकही केलंय आणि खरडपट्टीपण काढलीये. नाशिकमधला क्लास आहे, समाजमंदिराच्या हॉलमध्ये भरतो, सोम-बुध-शुक्र संध्याकाळी 6 ते सव्वासात, शोतोकान स्टाइल (कराटेतला एक प्रकार). एवढ्यावर भागवा.

लेक माझी दहा वर्षांची, घातली तेव्हा आठची होती. घालायचं कारण तेच जे निम्म्या आयांचं असतं, ओपन हाउसला मॅडम म्हणाल्या "हुशार आहे हो, पण पुढे येत नाही, तोंडच उघडत नाही". हेच वाक्य मी सासूबाईंकडून तिच्या बाबांबद्दलही ऐकलंय त्यामुळे मला काही फार टेन्शन आलं नव्हतं, पण त्याच आठवड्यात पेपरातून पत्रक पडलं, "कराटेतून नेतृत्वगुण! लाजाळू मुलं होतील लीडर! ऑलिम्पिक खेळ!" आणि खाली एक पोरगा कौलं फोडतोय असा फोटो. गेले चौकशीला.

ऑलिम्पिकचं आधी क्लिअर करते कारण हे बरेच क्लासवाले छापतात. कराटे ऑलिम्पिकमध्ये एकदाच होतं, टोकियोला, जे 2020 चं म्हणत म्हणत 2021 ला झालं. 2024 ला पॅरिसला नव्हतं. ज्युदो 1964 ला आलं, तायक्वांदो 2000 पासून पदकांच्या यादीत आहे, त्यामुळे पोरीला ऑलिम्पिकलाच पाठवायचं असेल तर तिकडे बघा. आम्हाला पाठवायचं नव्हतं, वर्गात हात वर केला तरी पुष्कळ होतं.

आणि कौलांचं. आमच्या लहानपणी गॅदरिंगला कराटेवाली मुलं यायची, धडाधड कौलं फोडायची, एकजण आडवा पडून हातावरून मोटरसायकल न्यायचा आणि सगळा हॉल शिट्ट्या मारायचा. मी सरांना पहिला प्रश्न तोच विचारला की हे असलं काही करून घेणार का. सर म्हणाले "ते पत्रक प्रिंटिंगवाल्याने बनवलंय मॅडम, पोरांची हाडं वाढायची असतात, मी इथे कुणाला काही फोडायला देत नाही". सर दिवसा सातपूरला कंपनीत असतात, तिथून थेट हॉलवर येतात, बोलतात कमी. तिथेच मी फॉर्म भरला.

पैशांचं एकदाच सांगून टाकते. अ‍ॅडमिशन 1000, महिन्याला 1100 (मे महिना बंद), ड्रेस 1350, आणि वर्षातून तीनदा बेल्टची एक्झाम, दर वेळी 800. म्हणजे पहिल्या वर्षाचे 16,850 झाले आणि यातलं फॉर्म भरताना फक्त अ‍ॅडमिशन आणि महिन्याची फी सांगितलेली, एक्झामचे पैसे एक्झामच्या आठवड्यात कळतात. ही माझी पहिली तक्रार. पुढे फाइटला उतरवलं की ग्लोव्हज, शिनगार्ड, माउथगार्ड वेगळं. ड्रेस एक साइज मोठाच घ्या, पहिल्या धुण्यात बाह्या कोपराकडे निघतात.

आता मुद्द्यावर येते. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये ग्रुपवर मेसेज आला, "ज्युनियर लीडरशिप प्रोग्रॅम", आठ रविवार, 5500 रुपये, सर्टिफिकेट आणि टीशर्टसह, बाहेरून ट्रेनर येणार. मी भरले. हो भरले, कारण बाकीच्या सगळ्या भरत होत्या आणि आपलीच पोरगी मागे राहायला नको. नवरा म्हणाला कराटेची फी देतोय ना आपण, मग हे काय आहे? मी म्हटलं तुला कळत नाही.

त्याला कळत होतं.

आठ रविवारात पोरांना एक पंच मारायला सांगितला नाही. ट्रेनर आले, बूट घालून हॉलमध्ये आले (जिथे मुलं चपला बाहेर लावून वाकून मग आत येतात, सगळी पोरं त्यांच्या बुटांकडेच बघत बसली), प्रोजेक्टर लावला, त्यावर सिंहाचा फोटो. सिंह कोण, मेंढरं कोण, तुम्हाला काय व्हायचंय. मग प्रत्येकाला माइक देऊन "आय अ‍ॅम अ लीडर" म्हणायला लावलं, तीन वेळा, दर वेळी मोठ्याने. माझीने पहिल्यांदा जेवढ्या आवाजात म्हटलं तेवढ्याच आवाजात तिसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्या रविवारी कार्डपेपरवर "माझी ध्येयं" लिहायची होती, तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे. पहिलं ध्येय, पंख्याच्या खाली उभं राहणे. दुसरं, माउथगार्डचा वास घालवणे. मला तर हे दोन्ही पटलं, ट्रेनरनी मात्र खाली लाल पेनाने "थिंक बिग" लिहून दिलं.

सहाव्या रविवारी विश्वासाचा खेळ होता, एकाने डोळे मिटून मागे पडायचं आणि मागच्याने झेलायचं. ज्याने झेलायचं होतं तो पोरगा दाराकडे बघत होता कारण तिथे समोसे आले होते. पडणाऱ्याच्या डोक्याला टेंगूळ आलं, नशीब खाली मॅट होती. त्याची आई जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. ट्रेनर स्टेजवरूनच "इट्स ओके चॅम्प, चिअर अप" करत होते, अगदी उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना ते. आणि आमचे सर त्या दिवशी कोपऱ्यात उभे होते, ते पळत आले, बर्फ आणला, मुलाशेजारी खाली बसले. मला वाटतं हा प्रोग्रॅम त्यांच्या वरच्या संस्थेकडून आलेला होता, त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की त्यांनापण नको होता, पण मग नको म्हणायचं ना, आमचे साडेपाच हजार तरी वाचले असते.

सर्टिफिकेट मिळालं. लॅमिनेशन केलेलं आहे. नावाचं स्पेलिंग चुकलंय.

हे सगळं वाचून वाटेल की मी क्लास सोडा म्हणतेय, पण उलट आहे, म्हणून तर एवढं टाइप करत बसलेय. लीडरशिप म्हणून जे विकलं ते फुकट गेलं, आणि खरी जी काही शिकली ती त्या 1100 मध्येच होती, पत्रकात कुठेही न लिहिलेली.

कसं ते सांगते. क्लास सुरू होताना पोरं ओळीत उभी राहतात, बेल्टप्रमाणे, उजवीकडून सगळ्यात सीनियर आणि डावीकडे शेवटी पांढरे बेल्ट. सगळ्यात सीनियर जो असेल तो आज्ञा देतो. "सेइझा" म्हटलं की सगळे गुडघ्यावर बसतात, "मोकुसो" म्हटलं की डोळे मिटून शांत, "मोकुसो यामे" म्हटलं की डोळे उघडायचे, मग नमस्कार, आधी समोर, मग सरांना. सर स्वतः यातलं काहीही बोलत नाहीत, नुसते समोर बसतात. जपानीत सीनियरला सेनपाय म्हणतात, आमच्या हॉलमध्ये ताई-दादा म्हणतात. सीनियर आला नाही तर त्याच्या खालचा. तो नसला तर त्याच्या खालचा. म्हणजे लीडर निवडायची भानगडच नाही, ज्या दिवशी तुझ्या उजवीकडे कुणी नाही त्या दिवशी तूच.

तर गेल्या वर्षी जानेवारीत दहावीच्या प्रिलिम होत्या, मोठी पोरं गायब. दोघं लग्नाला गेलेली. आणि शुक्रवारी माझी लेक, हिरवा बेल्ट, ओळीच्या उजव्या टोकाला. मी त्या दिवशी लवकर पोचलेले म्हणून खिडकीतून दिसलं. तिला आधी कळलंच नाही की आपणच आहोत. सर समोर बसलेले, काही बोलेनात. पाच-सात सेकंद गेले असतील, मग अगदी बारीक आवाजात "सेइझा". अर्ध्या ओळीला ऐकूच गेलं नाही, अर्धे बसले, अर्धे उभे. तिने परत म्हटलं, या वेळी आवाज फाटला पण सगळे बसले. "मोकुसो." सगळ्यांनी डोळे मिटले.

आणि ती यामे म्हणायचं विसरली.

तीस-पस्तीस पोरं डोळे मिटून बसलेली, संध्याकाळची वेळ, डास. तिनेपण डोळे मिटलेले, तिला वाटत असणार कुणीतरी म्हणेल, इतके दिवस कुणीतरी म्हणतच होतं ना. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. एक चिमुरडा गुडघे हलवायला लागला, कुणीतरी मानेवर फट्कन डास मारला. मी खिडकीबाहेर, माझीच घालमेल, वाटलं आत जाऊन सांगावं. सरांचे डोळे उघडे होते, ते तिच्याकडे बघत होते आणि ढिम्म हलले नाहीत. शेवटी पार डाव्या टोकाकडून, पांढऱ्या बेल्टमधून, एक कुजबुज आली "ताई, यामे म्हण ना, पाय दुखतात". मग तिने डोळे उघडले, सगळी ओळ बघितली आणि "मोकुसो यामे" असं काही ओरडली की बाहेरचा कुत्रा भुंकायला लागला.

घरी येताना गाडीवर मागून म्हणाली "आई, मी म्हटल्याशिवाय ते उठलेच नाहीत गं". बास एवढंच. आठ रविवार सिंहाचा फोटो बघून जे झालं नाही ते त्या दोन-तीन मिनिटांत झालं, असं मी म्हणणार नाही कारण पुढच्याच आठवड्यात शाळेच्या नाटकात झाड व्हायला मिळालं म्हणून खूश होती. पण पुढच्या वेळी ती विसरली नाही, आणि मोकुसो जरा आटोपशीर घेते, कारण पाय कुणाचे दुखतात ते तिला आता माहितीये.

दुसरी गोष्ट म्हणजे शिकवायला लावणं. हिरव्या बेल्टपासून प्रत्येकाला चार-पाच पांढरे बेल्ट दिले जातात, दर बुधवारी शेवटची वीस मिनिटं त्यांना पहिला काता (म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या पंच-किक-ब्लॉकची मालिका) शिकवायचा, हेइआन शोदान. 21 स्टेप्सचा आहे, डावीकडे वळून सुरू होतो आणि नीट केला तर जिथून निघालात तिथेच येऊन संपतो, नाही आलात तर कुठेतरी पाऊल चुकलंय. हे हेइआन नावाचे काते मुळात शाळेतल्या पोरांसाठीच बसवलेत. जपानच्या ओकिनावा बेटावर इतोसू म्हणून गुरू होते, त्यांनी 1900 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत कराटे शाळांत नेलं. त्याआधी एक गुरू आणि हाताच्या बोटावर मोजण्याएवढे चेले असा मामला, सगळा वर्ग ओळीत उभा करून आकड्यांवर शिकवायची पद्धत शाळांमुळे रुजली. त्यांचे शिष्य फुनाकोशी, ज्यांनी 1922 ला टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं आणि ज्यांच्यापासून शोतोकान आलं, ते स्वतः शाळामास्तर. हे मी सरांकडूनच ऐकलं, भाजीच्या गाडीवर, मेथी निवडता निवडता.

तर माझीला पाच पोरं मिळाली, त्यातला एक चष्मेवाला, सहा वर्षांचा, जो दर वेळी उजवीकडे वळायचा. दर वेळी. ती समोर तोंड करून उभी राहून दाखवायची, डावीकडे वळायची आणि तो तिच्या डाव्या बाजूला म्हणजे स्वतःच्या उजवीकडे वळायचा, आरशासारखा. ती चिडायची, "डावीकडे म्हटलं ना!" तो रडायचा. मग तिने पाठ करून उभं राहून बघितलं, तर पोरं नीट वळायला लागली पण मागे कोण काय करतंय दिसेना, एकजण तर पाणी प्यायला निघून गेला. दोन बुधवार हे चाललं. घरी येऊन म्हणायची मला नको ती पोरं, बदलून मागते. सरांकडे गेली, तर सर म्हणाले "बेल्टची गाठ कुठल्या बाजूला लोंबते त्याची ते बघ" आणि दुसऱ्या गटाकडे गेले. मला तर काही अर्थ लागला नाही. पुढच्या बुधवारी तिने काय केलं, चष्मेवाल्याच्या बेल्टच्या डाव्या टोकाला माझ्या पर्समधलं पिवळं केसांचं रबर बांधलं आणि त्याच्या शेजारी उभी राहिली, पुढे नाही, मागे नाही, शेजारी. "रबराकडे वळ." वळला. अख्खा काता झाला, शेवटी निघाला तिथून दोन फूट लांब पोचला पण झाला. रबर काही परत मिळालं नाही.

माझे बाबा कोल्हापूरचे, तरुणपणी तालमीत जायचे. त्यांना हे सांगितलं तर हसायला लागले, म्हणाले यात नवीन काय, तालमीत वस्ताद काय प्रत्येकाला धरून शिकवतो काय, वस्ताद बसलेला असतोय कट्ट्यावर, नवं पोरगं आलं की त्याच्यापेक्षा थोडं मोठं त्याला धरतंय, आधी हौद्यातली माती खणायला लावतंय, मग पट, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, शिकवतंय. त्यांच्या हिशेबाने आम्ही साडेपाच हजार देऊन सिंहाचा फोटो बघितला, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात आता.

तक्रारी अजून आहेत. एक म्हणजे स्पर्धा. दर दोन-तीन महिन्यांनी कसली ना कसली "नॅशनल लेव्हल" स्पर्धा असते, एन्ट्री फी वेगळी, आणि वयाचे, वजनाचे, बेल्टचे इतके गट पाडतात की एका गटात चारच पोरं उरतात. कराटेत तिसरा नंबर दोघांना देतात. म्हणजे चारातला एक पहिला, एक दुसरा आणि उरलेले दोघं तिसरे, सगळ्यांना मेडल. आमच्याकडे सहा मेडलं आहेत, त्यातलं एक लेकीने स्वतःहून कपाटात टाकलंय कारण त्या दिवशी ती दोन्ही फाइट हरली होती आणि तिला ते माहितीये. एक स्पर्धा अनुभव म्हणून ठीक, सगळ्यांना जायची गरज नाही, आणि सर जबरदस्ती करत नाहीत, ग्रुपवरच्या आयाच करतात.

स्पर्धेतले बाबालोक हा वेगळाच विषय. पंचला 1 पॉइंट, पोटावर किक बसली तर 2, डोक्याच्या उंचीवर किक गेली तर 3, त्यातून लहान पोरांना जोरात लागलं तर मारणाऱ्यालाच वॉर्निंग, म्हणजे हात आवरता येणं हेच स्किल आहे. आणि बाहेरून बाबा ओरडतायत "मार, मार, तोंडावर मार". आमच्या क्लासमध्ये शेवटी पाच नियम म्हणतात, शोतोकानवाले सगळीकडे म्हणतात, चारित्र्य घडवा, खरेपणा सोडू नका, प्रयत्न सोडू नका, मान द्या, आणि पाचवा म्हणजे डोकं फिरून मारामारी करू नका. गंमत म्हणजे जपानीत पाचही नियमांच्या आधी "एक"च म्हणतात, दोन-तीन-चार नाहीच, सगळे सारखेच महत्त्वाचे म्हणून. पाचवा मात्र पालकांकडून वेगळा म्हणून घ्यावा असं माझं मत आहे.

हॉलचं टॉयलेट वाईट आहे. घरूनच पाठवा.

आणि एक, बेल्ट एक्झामबद्दल. आधी मला वाटायचं पैसे भरले की बेल्ट. या मार्चमध्ये लेक पुढच्या, म्हणजे निळ्या बेल्टच्या एक्झामला बसली आणि नापास झाली. काताच्या मध्येच थांबली, पुढचं आठवेना. तिच्या त्या पाचांतले चार पिवळ्याला पास, चष्मेवाल्यासकट, त्याने शेवटचा पंच मारताना जो आवाज काढला तो तर जिन्यापर्यंत ऐकू आला. रिझल्ट सरांनी सगळ्यांसमोरच वाचला, हे मला अजिबात आवडलं नाही, दहा वर्षांच्या पोरांना बाजूला घेऊन सांगता येतं की, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले बघतो. (परवाच्या एक्झामला बाजूला घेऊन सांगितलं म्हणे, म्हणजे ऐकतात.) 800 परत मिळत नाहीत, पुढच्या वेळी परत भरायचे.

घरी येईपर्यंत रडली. सोमवारी मला वाटलं जाणार नाही, पोट दुखतंय म्हणेल, मी पण जबरदस्ती करणार नव्हते. साडेपाचला स्वतः ड्रेस घातला. तिच्याबरोबरची दोघं निळा बांधून आलेली, त्यामुळे ओळीत ती दोन जागा डावीकडे सरकली. आज्ञा आता दुसऱ्याची. चष्मेवाला नवीन पिवळा बेल्ट हातात घेऊन तिच्यासमोर येऊन उभा राहिला, त्याला गाठ मारता येत नाही अजून, त्याच्या आईने घरून बो बांधून पाठवलेला तो सुटलेला. ही खाली बसली, गाठ मारून दिली, टोकं ओढून सारखी केली आणि त्याला फिरवून त्याच्या जागेवर उभं केलं. मी खिडकीतून बघितलं आणि मग भाजी आणायला गेले.

घालायचं का विचाराल तर घाला, सात-आठ वर्षांपासून पुढे, त्याआधी नुसती पळापळ होते. पहिले सहा महिने काही फरक दिसणार नाही, नुसतं "ओस" (कराटेवाल्यांचा नमस्कार) म्हणत फिरतात आणि भावंडांना लाथा मारतात. जाऊन एक दिवस बाहेरून बघा की क्लासमध्ये मोठी पोरं लहानांना शिकवतात का, की सर एकटेच शिट्टी घेऊन ओरडतायत. दुसरं असेल तर दुसरा क्लास बघा. बेल्टचं सर्टिफिकेट कुठल्या संस्थेचं आहे आणि एक्झामला किती पैसे, हे फॉर्म भरायच्या आधी विचारा. आणि रविवारचं काही वेगळं पॅकेज असेल तर त्या पैशात ड्रेसचा दुसरा जोड घ्या, पावसाळ्यात एक वाळत नाही.

क्लासला चार स्टार, एक टॉयलेटचा आणि फीच्या लपवाछपवीचा कापला. लीडरशिप प्रोग्रॅमला एक, तो समोशांचा.

सहाला दार लावतात. उशीर झाला तर पोरगं बाहेर बसतं, आणि त्याच्याबरोबर तुम्हीपण.